बाळाच्या उशाशी कोणते पुस्तक?

घरात बाळ आले की भेटी येऊ लागतात. झबली-टोपडी, दुपटी, चांदीचे वाळे, साबण-पावडरचा डबा, बाळंतिणीसाठी खारीक, खोबरे, डिंक. विट्यासारख्या गावात नातेवाईक, शेजारी, मागावरचे सोबती असे सगळे येतात आणि प्रत्येक जण भेटीबरोबर एक सल्लाही ठेवून जातो. कुणी म्हणते, पहिले दूध जड असते, पिळून टाका. कुणी म्हणते, गुटी सुरू करा, नाहीतर पोट साफ होणार नाही. खालाजान एक सांगतात, फुफू दुसरेच सांगतात आणि मोबाईलवर तिसरेच काही फिरत असते. एक वस्तू मात्र क्वचितच कुणी आणते. ती म्हणजे पुस्तक.

एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी बहुसंख्य बालके पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. म्हणजे ज्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि सल्ल्यांची सर्वात जास्त गर्दी असते, तेच दिवस सर्वात नाजूक असतात. त्या दिवसांत कोणाचे ऐकायचे, हा मानापमानाचा प्रश्न नाही. तो बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे. घरात बोली दखनी, शाळा झाली मराठीत, कुरआन शरीफ अरबीत वाचता येते, पण उर्दू सफाईने वाचणाऱ्या मुली आता कमी. त्यामुळे उर्दूतली चांगली पुस्तके कपाटात राहतात आणि इंग्रजी पुस्तके दुकानात राहतात. खानापूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी दूर परराज्यांत राहतात. तिथे ना नानी जवळ, ना सासू, ना दवाखान्यात आपली भाषा बोलणारे कुणी. अशा तरुण आईसाठी मराठीतले एक नीट पुस्तक म्हणजे मोठा आधार आहे. ते कोणते असावे आणि कसे वाचावे, याचा हा विचार.

पहिले पुस्तक घरात आधीच आलेले आहे

ज्या दिवशी गरोदर स्त्रीची नोंद आशाताई किंवा परिचारिकाताई करतात, त्या दिवशी तिच्या हातात एक रंगीत, चित्रांचे कार्ड पडते. माता व बाल संरक्षण कार्ड. बहुतेक घरांत ते रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन बसते आणि फक्त लसीच्या दिवशी बाहेर निघते. वास्तविक ते फुकट मिळालेले, मराठीत छापलेले आणि आपल्या बाळाच्या नावाचे पुस्तक आहे. दुकानातल्या कोणत्याही पुस्तकात आपल्या बाळाचे वजन लिहिलेले नसते. यात असते.

या कार्डात चार गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली, लसीकरणाचा तक्ता. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस-बी. यातली हिपॅटायटिसची लस २४ तासांच्या आत मिळाली पाहिजे. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांची भेट. त्यात पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोनियावरची पीसीव्ही येते. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांत पुढचे डोस. लस घेतल्यावर एखादा दिवस ताप किंवा सूज येऊ शकते. तेवढ्यावरून पुढची तारीख चुकवू नये.

दुसरी, वजनाचा आलेख. मुलाचा वेगळा आणि मुलीचा वेगळा असतो. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून ठिपका मांडायचा आणि ठिपके जोडायचे. ठिपका हिरव्या पट्ट्यात असणे चांगले, पिवळ्यात गेला तर लक्ष द्यायचे, नारिंगीत गेला तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचे. मात्र पट्ट्यापेक्षाही रेषेकडे पाहावे. रेषा वर चढत असेल तर बाळ वाढत आहे. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर बाळ गुटगुटीत दिसत असले तरी विचारपूस करावी. शेजारच्या बाळाशी तुलना करत बसण्यापेक्षा ही रेषा अधिक खरे सांगते.

तिसरी, वाढीचे टप्पे. बाळ हसू कधी लागते, मान कधी धरते, आधाराशिवाय कधी बसते, याची चित्रे त्यात असतात. एखादा टप्पा थोडा मागेपुढे झाला तर घाबरू नये. पण बाळ आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून वर्ष घालवू नये. ऐकू न येणे लवकर कळले तर पुष्कळ काही करता येते.

चौथी, धोक्याची लक्षणे. हे पान घरातल्या प्रत्येकाने वाचावे, म्हणून त्याबद्दल शेवटी स्वतंत्र लिहिले आहे.

कार्डाबरोबर माणूसही येतो. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून देशभर गेली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये सरकारने आशाताईंमार्फत हाच कार्यक्रम सर्वत्र सुरू केला. तेव्हा आशाताई दारात आल्या की चहा देऊन उंबऱ्यावरून परत पाठवू नये. त्यांना आत बोलवावे, बाळ दाखवावे, वजन करून घ्यावे. आपल्या काही घरांत परक्या बाईसमोर बाळ उघडे करायला नजरेच्या भीतीने आजीबाई नको म्हणतात. दुआ अवश्य पढावी, पण वजनही करून घ्यावे. एकामुळे दुसरे अडत नाही.

आपल्या वारशातली पुस्तके

बाळाच्या संगोपनावर पुस्तक लिहिणे ही आपल्यासाठी नवी किंवा परकी गोष्ट नाही. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकातले थोर हकीम अबू बक्र अल-राझी यांनी मुलांच्या आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनीच स्पष्ट करून मांडले. दहाव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरात इब्न अल-जझ्झार यांनी मुलांच्या संगोपनावर पुस्तक लिहिले. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या प्रसिद्ध ग्रंथात तान्ह्या बाळावर स्वतंत्र भाग आहे. बाळाला आईच्या दुधाखेरीज दोन गोष्टी हव्यात, हलकेच झुलवणे आणि अंगाई, असे ते सांगतात. हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही खरा आहे.

चौदाव्या शतकातले विद्वान इब्न कय्यिम यांचे 'तुहफतुल मौदूद' हे पुस्तक तर केवळ नवजात बाळाबद्दलच आहे. त्यांच्या मुलाच्या घरी बाळ जन्मले तेव्हा भेट देण्यासारखे काही त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहून दिले, असे सांगितले जाते. अकीका, नाव ठेवणे, दूध पाजणे, मुलांचे हक्क असे विषय त्यात आले आहेत. बाळाच्या जन्माला पुस्तक भेट देणे ही आपलीच रीत आहे, ती आपण विसरलो एवढेच.

आपल्याकडे लग्नात मुलीला 'बहिश्ती जेवर' देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींच्या शिक्षणासाठी ते लिहिले. त्याचा नववा भाग आरोग्य आणि औषधोपचाराचा आहे. इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. नमाज, तहारत, हक्क आणि अखलाक यांबद्दल वाचताना आपण आलिमांना विचारून चालतो. पण औषधांचे नुस्खे हे त्या त्या काळाच्या हिकमतीचे असतात. त्या काळी गोवराची लस नव्हती, जुलाबावरचे क्षारसंजीवनीचे पाकीट नव्हते. असती तर त्या बुजुर्गांनीच ती सांगितली असती.

इब्न सीना यांचेच उदाहरण घ्या. ज्यांनी अंगाईचे महत्त्व सांगितले, त्यांनीच सुरुवातीचे दिवस आईऐवजी दुसऱ्या स्त्रीने बाळाला पाजावे, असेही सांगितले. त्या काळातल्या अनेक वैद्यांचे मत तसेच होते. आज आपल्याला माहीत आहे की बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक ही बाळाची पहिली रोगप्रतिकारक शक्ती आहे आणि जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी धरले पाहिजे. एवढ्या मोठ्या विद्वानाची एक गोष्ट जुनी झाली म्हणून त्यांचा मान कमी होत नाही. खजुराच्या झाडांच्या फलनाबद्दलची हदीस आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या दुनियेच्या कामांतले तुम्ही अधिक जाणता, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बागायतदारांना सांगितले होते. आजारावर इलाज करा, कारण अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही ठेवला आहे, अशी शिकवणही त्यांचीच.

आणि सर्वांच्या वर कुरआन. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. पण ती आयत तिथेच थांबत नाही. त्या काळात आईच्या खाण्यापिण्याची आणि कपड्यालत्त्याची जबाबदारी पित्यावर आहे, कुणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला जाऊ नये, बाळामुळे आईला किंवा पित्याला त्रास दिला जाऊ नये आणि दूध सोडवायचे तर दोघांनी आपसात सल्लामसलत करून, राजीखुशीने सोडवावे, असेही ती सांगते. 'दोन वर्षे पाज' एवढेच सुनेला ऐकवायचे आणि तिच्या ताटात काय वाढले ते पाहायचे नाही, हे या आयतीचे अर्धेच वाचन झाले.

नवी पुस्तके आणि त्यांची परीक्षा

नव्या काळात सर्वात गाजलेले संगोपनाचे पुस्तक अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे. ते १९४६ साली निघाले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आईबापांना त्यांनी धीर दिला, बाळाला जवळ घ्या, लाडाने ते बिघडत नाही असे सांगितले. पण त्याच पुस्तकाच्या १९५० च्या दशकातल्या आवृत्तीत बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला होता. पुढे अभ्यासांतून कळले की पालथे झोपल्याने झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम निघाली आणि असे मृत्यू पुष्कळ कमी झाले. म्हणून पुस्तक घेताना लेखकाच्या नावाइतकीच आवृत्तीची साल महत्त्वाची आहे. जुन्या बाजारातून घेतलेले किंवा थोरल्या बहिणीकडून आलेले पुस्तक वाचायला हरकत नाही, पण औषध, लस आणि झोपवण्याची पद्धत यांसाठी ताजी आवृत्तीच पाहावी.

'फॅक्ट्स फॉर लाइफ' ही युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेली पुस्तिका १९८९ पासून निरनिराळ्या भाषांत निघत आली आहे. तिची चौथी आवृत्ती २०१० ची. गरोदरपण, स्तनपान, लसी, जुलाब, खोकला असे विषय तिच्यात छोट्या-छोट्या मुद्द्यांत आहेत. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांचे 'गाइड टू चाइल्ड केअर' हे इंग्रजी पुस्तक स्तनपानाचा ठाम आग्रह धरणारे आहे. घरात इंग्रजी वाचणारे कुणी असेल तर ते उपयोगी पडेल. मराठीत शोभा भागवत यांचे 'आपली मुलं' हे पुस्तक आजाराबद्दल नाही, तर मुलांशी वागण्याबद्दल आहे. पुण्याहून १९८७ पासून निघत असलेले 'पालकनीती' मासिक मोठ्यांना मुलांकडे पाहायला शिकवते. बाळ रांगू लागले, हट्ट करू लागले की ही पुस्तके कामाला येतात.

दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आले की पुढील प्रश्न विचारून पाहावेत.

१. लिहिणारे कोण? बालरोगतज्ज्ञ आहेत, की नुसतेच 'अनुभवी'?

२. स्तनपानाबद्दल काय म्हटले आहे? पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असे स्पष्ट नसेल तर पुस्तक बाजूला ठेवावे. विट्याच्या उन्हाळ्यातही आईच्या दुधातच बाळाला पुरेसे पाणी मिळते.

३. पावडरच्या दुधाची किंवा बाटलीची जाहिरात आहे का? भारतात १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडकपणे, अशा जाहिरातीवर बंदी आहे. फुकट वाटल्या जाणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकेच्या मागच्या पानावर कोणाचे नाव आहे ते पाहावे.

४. डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी हे सांगितले आहे का? प्रत्येक आजारावर घरचाच उपाय देणारे पुस्तक धोक्याचे.

५. आईला ते धीर देते की दोष? दूध कमी पडले, बाळ रडले, मुलगी झाली, या सर्वांबद्दल आईलाच जबाबदार धरणारे पुस्तक बाळंतिणीच्या हाती देऊ नये. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना खोल उदासी येते, झोप उडते, रडू थांबत नाही. हा आजार आहे, नखरे नव्हेत, आणि त्याला इलाज आहे. असे सांगणारे एक तरी पान पुस्तकात असावे.

जे सर्वसाधारण पुस्तकांत सापडत नाही

मराठीतल्या संगोपनाच्या पुस्तकांत बारसे असते, अकीका नसतो. जावळ असते, तहनिक नसते. त्यामुळे आपल्या घरात रीती एका बाजूला आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला, असे होऊन बसते. थोड्या समजुतीने दोन्ही जुळतात.

बाळाच्या कानात अजान द्यावी. हळू, कोमल आवाजात. ती द्यायला पिता, आजोबा कुणीही घरचे पुरते. त्यासाठी दहा माणसांनी बाळाला हाताळायची गरज नाही.

तहनिक म्हणजे मऊ केलेल्या खजुराचा अंश बाळाच्या टाळ्याला लावणे. करणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, त्याला खोकला-सर्दी किंवा तोंडाचा आजार नसावा आणि अंश अगदी बोटाला लागेल एवढाच असावा. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा काचेच्या पेटीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. खजुराऐवजी मध मात्र लावू नये. मधात शिफा आहे यावर आपला विश्वास आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्याला त्यातले काही जंतू सोसत नाहीत आणि त्यातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. वर्ष झाल्यावर खुशाल द्यावा.

अकीका सातव्या दिवशी करणे सुन्नत आहे. ऐपत नसेल तर कर्ज काढून करण्याची सक्ती नाही. पुढेही करता येतो. सातव्या दिवशी घर भरले तरी बाळ आईजवळच्या खोलीत राहावे. पाहुण्यांनी दुआ द्यावी, पण तोंडाचे आणि हाताचे मुके घेऊ नयेत. केस काढताना पाते नवे असावे. केसांच्या वजनाइतक्या चांदीची किंमत सदका करावी. खतना प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

डोळ्यांत सुरमा किंवा काजळ घालण्याचा अनेकींचा आग्रह असतो. बाजारातल्या अनेक सुरम्यांत आणि काजळांत शिसे असल्याचे वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत आढळले आहे. शिसे बाळाच्या मेंदूला अपाय करते. तान्ह्याच्या डोळ्यांत ते घालण्याची दीनची सक्ती नाही. तावीज किंवा काळा दोरा गळ्यात बांधल्यास झोपेत फास बसू शकतो. ओव्याची-लोबानची धुरी कोवळ्या फुप्फुसांना त्रास देते. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते.

आणखी एक प्रश्न फक्त आपल्याच घरांना पडतो. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आईचे दूध पुरेसे येत नसेल तर मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढीतले दूध सुचवले जाते. अशी पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. आपल्याकडे रजाअतचा, म्हणजे दूधनात्याचा प्रश्न उभा राहतो. दूध कुणाचे, पुढे लग्नसंबंधात अडचण येईल का? यावर आलिमांत मतभेद आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८५ मध्ये अशा पेढ्यांना विरोध केला, तर युरोपच्या फतवा परिषदेने २००४ मध्ये गरजू बाळांसाठी परवानगी दिली. जुळे असेल किंवा गरोदरपण जोखमीचे असेल, तर हा प्रश्न आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून विचारण्याचा तो प्रश्न नाही.

रमजानबद्दलही तसेच. दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीयतने दिली आहे. सवलत घेणाऱ्या सुनेकडे घरातल्यांनी तिरक्या नजरेने पाहू नये.

वाचायचे कोणी?

पुस्तक आईनेच वाचायचे, असे आपण धरून चालतो. बाळंतीण थकलेली असते, रात्री जागते. तिच्या हातात जाडजूड पुस्तक देणे म्हणजे आणखी एक काम देणे. वाचायचे ते बाळाच्या पित्याने. मागावरची पाळी संपवून आल्यावर रोज दोन पाने मोठ्याने वाचावीत. मागावरून आल्यावर आधी कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत, कारण सुताची धूळ कपड्यांवर असते. मग बाळाला घ्यावे आणि वाचावे. आई ऐकेल, दादी ऐकतील, नानीही ऐकतील.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. 'अम्मी, तुमचे चुकते' असे सुनेने म्हटले तर घरात वादळ होते. 'अम्मी, यात असे लिहिले आहे, तुम्हाला काय वाटते?' असे मुलाने विचारले तर बोलणे सुरू होते. आणि ज्येष्ठ स्त्रियांच्या सगळ्याच गोष्टी टाकाऊ नसतात. बाळाला उबेत ठेवणे, हलक्या हाताने तेल चोळणे, बाळंतिणीला चाळीस दिवस विश्रांती देणे, अंगाई गाणे, हे सारे पुस्तकांनाही मान्य आहे. आजींची चार कामे बरोबर आहेत हे आधी मान्य केले, की पाचवे सोडायला त्या तयार होतात.

सहा महिन्यांनंतरच्या खाण्याचे प्रकरणही असेच घरात बसून वाचावे. डब्यातली महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची किंवा नाचणीची पेज, मऊ वरणभात तुपाच्या थेंबासह, कुस्करलेले केळे, भाजून बारीक केलेल्या शेंगदाण्याचे कूट, मऊ खजूर. विट्याच्या परिसरात कुक्कुटपालन घरोघरचे आहे, तेव्हा नीट उकडलेल्या अंड्याची वाण नाही. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि सोबत आईचे दूध चालूच. वर्षभर मीठ-साखर टाळावी. अख्खा शेंगदाणा, फुटाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

हे पान भिंतीवर लावा

बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर पुस्तक मिटून दवाखाना गाठायचा.

दूध ओढत नाही किंवा ओढणे एकाएकी कमी झाले. झटके आले. बाळ मलूल आहे, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरतात. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. अंग तापले आहे किंवा हातपायांसह पोटही गार पडले आहे. पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले. नाळेतून पू येतो.

अशा वेळी नजर उतरवण्यात किंवा उद्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. १०८ आणि १०२ या रुग्णवाहिका बोलावता येतात. २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी बाळाची तपासणी, औषधे आणि ने-आण मोफत आहे. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवावे आणि दूध ओढत असेल तर पाजत राहावे.

मोठ्या बाळाला जुलाब झाले तर क्षारसंजीवनी द्यावी, दूध आणि खाणे बंद करू नये. डॉक्टर जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण कराव्यात.

एक छोटी सूचना

पुढच्या वेळी कुणाच्या घरी बाळ पाहायला जाल तेव्हा झबल्याच्या घडीत तीन गोष्टी घालून न्या. आरोग्यावरचे एक मराठी पुस्तक, ताज्या आवृत्तीचे. अकीका, नाव आणि मुलांचे हक्क सोप्या भाषेत सांगणारी दीनची एक पुस्तिका. आणि एक कोरी वही, ज्यात लसींच्या तारखा, वजन, डॉक्टरांचा आणि आशाताईंचा फोन लिहिता येईल. मस्जिदीच्या कपाटात, महिलांच्या इज्तिमाच्या ठिकाणी आणि गावच्या वाचनालयात अशी चार-पाच पुस्तके ठेवली, तर ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरतील. पुस्तक परत आले की त्यात पुढच्या बाळंतिणीसाठी एक दुआ लिहून ठेवावी. आणि घरी परतल्यावर रेशनकार्डाच्या पिशवीतले ते रंगीत कार्ड बाहेर काढून, शेवटचा ठिपका कोणत्या महिन्याचा आहे, तेवढे पाहावे.